थंड असताना ठणठणीत, तापलं की बिघडतं: गरम जागेवरच्या पीझो सेन्सरची तपासणी

सातारा-सांगलीकडच्या साखर कारखान्यांत ही तक्रार गळीत हंगामाच्या तोंडाला हमखास येते. बॉयलर पेटतो, टर्बाइन फिरायला लागतं, पहिले दोन-तीन तास सगळं सुरळीत. मग केसिंग (टर्बाइनचं बाहेरचं कवच) तापत जाते तसा गरम बाजूच्या पीझो सेन्सरवरचा, म्हणजे आतल्या स्फटिकावर जोर आला की चार्ज देऊन कंपन सांगणाऱ्या सेन्सरवरचा, व्हायब्रेशनचा आकडा चढायला लागतो. सकाळी २ मिमी प्रति सेकंद, दुपारी ६-७, आणि तोही एका जागी न थांबता डुलत राहणारा. अलार्म येतो, कधी मशीन ट्रिप होतं (आपोआप बंद पडतं). थंड झाल्यावर सेन्सर काढून टेबलावर तपासला की एकदम ठीक. तरीही नवा बसवतात, तो हंगाम कसाबसा काढतो, आणि पुढच्या ऑक्टोबर-नोव्हेंबरात पुन्हा तीच बोंब.

टेबलावर तो ठीक निघणारच. हा बिघाड गरम असतानाच अस्तित्वात असतो, त्यामुळे खोलीच्या तापमानाला घेतलेल्या "ओके" रिपोर्टला इथे काडीची किंमत नाही.

आधी कंपन खरं आहे का ते बघा

पोर्टेबल मीटरने त्याच बेअरिंगवर आडव्या, उभ्या आणि शाफ्टच्या दिशेने रीडिंग घ्या. मग पॅनेलच्या चॅनेलचा स्पेक्ट्रम (कोणत्या वारंवारतेला किती कंपन याचा आलेख) काढा. टर्बाइन ६००० आरपीएमने फिरत असेल तर फिरण्याची वारंवारता १०० हर्ट्झ. हा १०० हर्ट्झचा सुळका सकाळी होता तेवढाच दुपारी आहे आणि फक्त डाव्या टोकाला, ० ते १० हर्ट्झमध्ये, घाटाच्या उतारासारखा ढीग चढला आहे, असं दिसलं तर मशीन निर्दोष आहे. हा ढीग इतका मोठा दिसतो कारण सेन्सर त्वरण मोजतो आणि वेग इंटिग्रेशनने काढला जातो. इंटिग्रेशनमध्ये प्रत्येक घटक आपल्या वारंवारतेने भागला जातो. त्यामुळे १ हर्ट्झवरचा कचरा १०० हर्ट्झच्या खऱ्या कंपनाच्या तुलनेत शंभरपट फुगतो.

उलट १०० हर्ट्झचा सुळकाच तापमानाबरोबर वाढत असेल तर रोटरचा बाक, घासणं किंवा पेडेस्टल (बेअरिंगची बैठक) सरकण्यात अडथळा अशी कारणं शोधायची. तिथे सेन्सरला हात लावू नका. आणि काहीही असलं तरी ट्रिप बायपास करायचा तर लेखी परवानगीने, एकाच चॅनेलचा, आणि पोर्टेबल मीटर घेऊन माणूस उभा ठेवूनच.

जागा नेमकी किती गरम आहे?

महागड्या हाय-टेम्परेचर सेन्सरच्या निम्म्या चौकशा इथेच संपायला हव्यात. बेअरिंग पेडेस्टलला तेलाचं कूलिंग असतं, तिथलं तापमान साधारण ७० ते ९० अंश. आत इलेक्ट्रॉनिक्स असलेला साधा आयईपीई सेन्सर बहुधा १२० अंशांपर्यंत चालतो, म्हणजे तो इथे पुरेसा आहे. तरीही तो मरत असेल तर उष्णता दुसरीकडून येते आहे. ग्लँडमधून (शाफ्टभोवतीच्या वाफेच्या सीलमधून) सुटणारी वाफ थेट कनेक्टरवर बसते, किंवा फाटक्या लॅगिंगमधून (उष्णतारोधक आवरणातून) केसिंगची झळ लागते.

पॅनेलवर या आयईपीई सेन्सरचं बायस व्होल्टेज (कंपन नसतानाही त्याच्या तारांवर असणारं स्थिर व्होल्टेज) गरम अवस्थेत मोजा. सप्लाय २४ व्होल्ट असताना बहुतेक सेन्सरचं बायस १० ते १२ च्या आसपास असतं. शून्याजवळ आलं तर शॉर्ट. पूर्ण २४ दिसलं तर केबल तुटली. तापताना हळूहळू सरकत असेल तर आतलं सर्किट मर्यादेपलीकडे गेलं. यावर उपाय ग्लँड पॅकिंग, लॅगिंग आणि १५-२० मिमी हवेची फट ठेवून लावलेला स्टेनलेसचा पातळ पत्रा हाच. तिथे स्फटिकाचा प्रश्नच येत नाही.

खरा प्रश्न स्टॉप व्हॉल्व्हची बॉडी, एचपी (उच्च दाबाच्या भागाची) केसिंग, मुख्य वाफेची नळी आणि पीआरडीएस (वाफेचा दाब आणि तापमान उतरवणारं युनिट) या जागांवर. को-जनरेशनच्या (साखरेबरोबर वीजही बनवणाऱ्या) ८७ किलो दाबाच्या बॉयलरची वाफ ५१५ अंशांच्या आसपास असते. लॅगिंगच्या आतल्या धातूला ४०० च्या वर तापमान सहज मिळतं. इथे इलेक्ट्रॉनिक्स बाहेर ठेवलेला चार्ज सेन्सर, त्याला जोडलेली धातूच्या नळीतली मिनरल इन्सुलेटेड केबल (बोलीत एमआय केबल), मग साधी लो-नॉइज केबल आणि शेवटी चार्जचं व्होल्टेज करणारा चार्ज ॲम्प्लिफायर, अशी साखळी लागते. पुढचं सगळं या साखळीबद्दल.

चार्ज गळतो म्हणजे काय होतं

पीझो स्फटिकावर जोर आला की पृष्ठभागावर चार्ज तयार होतो. तो पिकोकूलम्बमध्ये मोजावा लागतो इतका थोडा असतो. स्फटिक, एमआय केबल आणि कनेक्टर या तिन्हींचे इन्सुलेशन अवरोध एकमेकांना समांतर असतात, त्यामुळे तिघांतला सर्वांत नालायक जो असेल तो सगळ्यांचा निकाल लावतो. थंडपणी एकूण अवरोध गिगाओहममध्ये असतो. ४५० अंशांना तोच काही शे किलोओहमवर येऊ शकतो, आणि पुष्कळ स्फटिकांच्या बाबतीत ते नैसर्गिकच आहे.

चार्ज ॲम्प्लिफायरवर याचा परिणाम अजब असतो. मुख्य सिग्नल फारसा कमी होत नाही, म्हणून कॅलिब्रेशन बरोबरच दिसतं. बिघडतो तो खालचा भाग. फीडबॅकला (आउटपुट ते इनपुट जोडणीत) १ नॅनोफॅरडचा कॅपॅसिटर आणि १ गिगाओहमचा अवरोध असलेला ॲम्प्लिफायर घ्या. सोर्सचा (सेन्सर-केबलचा एकूण) अवरोध १ मेगाओहमवर आला की इनपुटचा स्वतःचा ऑफसेट (सिग्नल नसतानाही असणारं थोडं व्होल्टेज) आणि मंद नॉइज १ + (फीडबॅक ÷ सोर्स) = १ + १०००, म्हणजे हजारपट वाढून बाहेर येतो. इनपुट ऑफसेट १ मिलिव्होल्ट असेल तर आउटपुटला १ व्होल्ट. अवरोध १०० किलोओहम झाला की तेच १० व्होल्ट, म्हणजे ॲम्प्लिफायर भिंतीला टेकला. स्पेक्ट्रमच्या डाव्या टोकाचा ढीग येतो तो इथून.

म्हणून कॅटलॉगमध्ये मोठ्या अक्षरात छापलेलं क्यूरी तापमान पाहून खरेदी करणं हा अर्धवट शहाणपणा आहे. क्यूरी तापमान सांगतं की त्यापुढे सिरॅमिकचा पीझो गुण संपतो. त्याच्या कितीतरी अंश आधी गळती रीडिंग खाऊन टाकते.

गरम असतानाची मोजणी

५०० व्होल्टचा मेगर (नेहमीचा इन्सुलेशन टेस्टर) इथे आणूच नका. कनेक्टरमध्ये आणि केबलच्या टोकाशी ठिणगी पडून कार्बनचा माग तयार होतो, आणि तापलेल्या सिरॅमिकवर उलटं व्होल्टेज बसलं तर त्याचं पोलिंग (त्याला पीझो गुण देणारी आतली दिशा) बिघडतं. इलेक्ट्रोमीटर किंवा १० व्होल्टवर चालणारा इन्सुलेशन टेस्टर हवा. ५० व्होल्ट ही वरची हद्द समजा, तीही सेन्सरच्या डेटाशीटमध्ये चालत असेल तरच. अवरोध ४० मेगाओहमच्या खाली गेला असेल तर चांगला मल्टिमीटरही पुरतो. सोबत कॅपॅसिटन्स मोजायला १ किलोहर्ट्झचा एलसीआर मीटर, के-टाइप थर्मोकपल, आयसोप्रोपिल अल्कोहोल, धागे न सुटणारं कापड आणि हीट गन.

ॲम्प्लिफायरपासून केबल सोडवल्या-सोडवल्या मधली तार आणि कवच काही सेकंद शॉर्ट करा. बिस्मथ टायटनेट किंवा लिथियम नायोबेट तापमान बदललं की स्वतःहून चार्ज सोडतात. वायर उघडी ठेवून सेन्सर तापला किंवा निवला तर त्यावर मोठं व्होल्टेज साठतं. शॉर्ट न करता तो तसाच ॲम्प्लिफायरला लावला की इनपुट ट्रान्झिस्टर जातो. "नवा ॲम्प्लिफायर लावताच जळाला" ही तक्रार बहुतेक वेळा याचीच.

मग मोजा. एक मिनिट थांबून आकडा लिहा, तारा उलट करून पुन्हा लिहा. दोन्ही जवळपास सारखे असतील तर तो खरा अवरोध. फार वेगळे आले तर तापमान अजून हलतं आहे, अर्धा तास थांबा.

आता साखळी तोडा. एमआय केबल आणि लो-नॉइज केबल जिथे जुळतात तो कनेक्टर सोडवून दोन्ही बाजू वेगळ्या मोजा. लो-नॉइज केबलची बाजू १ गिगाओहमच्या वर असलीच पाहिजे. नसेल तर दोषी सापडला. केबल ट्रेंचमधले जंक्शन बॉक्स आधी उघडा. नदीकाठच्या युनिटमध्ये २०१९ च्या महापुराचं पाणी ज्यांत शिरलं होतं ते नुसते पुसून चालत नाहीत, टर्मिनल बदलावेच लागतात.

सेन्सरची बाजू कमी निघाली तर फक्त कनेक्टरला हीट गनने साधारण १०० ते १२० अंशांची ऊब दहा मिनिटं द्या आणि आकडा बघत राहा. दहापट वर गेला तर कनेक्टरात ओल आहे. काडीचाही फरक पडला नाही तर दोष स्फटिकात किंवा केबलच्या गरम भागात. लक्षात ठेवायची खूण सोपी आहे: ओल तापवली की अवरोध वाढतो, स्फटिक तापवला की उतरतो.

एमआय केबलमधली ओल मात्र थोडी फसवते. आतली मॅग्नेशियम ऑक्साइडची पूड पाणी शोषते. मशीन तापलं की ते पाणी गरम टोकाकडून थंड टोकाकडे, म्हणजे कनेक्टरकडे, सरकतं आणि तिथे साचतं. म्हणून ओलीचा दोष असूनही "तापल्यावर बिघडतं" असंच लक्षण दिसतं, आणि बिचाऱ्या स्फटिकावर आळ येतो.

स्फटिक खरंच दोषी आहे का, हे भट्टीत ठरतं

सेन्सर काढता येत असेल तर तापमान नियंत्रण असलेली मफल फर्नेस गाठा. कुपवाड-मिरजेच्या एमआयडीसीत हीट ट्रीटमेंट करणाऱ्यांकडे किंवा इंजिनिअरिंग कॉलेजच्या धातुशास्त्र विभागात ती मिळते. मिनिटाला २-३ अंशांपेक्षा वेगाने तापवू नका. ५० अंशांच्या टप्प्याने चढा, प्रत्येक टप्प्यावर अर्धा तास थांबा, मग अवरोध आणि कॅपॅसिटन्स लिहा. मोजत नसाल तेव्हा तारा शॉर्ट. कनेक्टर भट्टीच्या दाराबाहेर राहिला पाहिजे. तो आत गेला तर तुम्ही कनेक्टरच मोजत बसाल.

अवरोधाचा लॉगॅरिदम आणि केल्विनमधल्या तापमानाचा व्यस्त यांचा आलेख काढला की निरोगी स्फटिकाची जवळजवळ सरळ रेषा येते. थंड बाजूला ती वाकून खाली आली तर ओल किंवा तेलकट घाण. रेषा सरळ आहे पण कंपनीच्या आकड्यापेक्षा सगळीकडे दहापट खाली आहे, तर स्फटिकच बदलला. कॅपॅसिटन्स डेटाशीटच्या मानाने बरंच कमी भरलं तर आतली चकती तडकली किंवा इलेक्ट्रोड सुटला.

अशा सिरॅमिकमध्ये वहनाची ऊर्जा १ इलेक्ट्रॉनव्होल्टच्या आसपास धरली तर ४५० अंशांना २०० किलोओहम असलेला सेन्सर ४०० ला साधारण ६६० किलोओहम आणि ३५० ला २.६ मेगाओहम दाखवेल. म्हणजे सेन्सर पन्नास अंशांनी थंड जागी नेला की गळती एक-तृतीयांशाहूनही कमी होते. नवा स्फटिक मागवण्याआधी १०० मिमी लांबीचा जाडजूड ब्रॅकेट वापरून जागा बदलणं स्वस्त पडतं. ब्रॅकेट मात्र लेचापेचा नको. त्याची नैसर्गिक वारंवारता मोजायच्या सर्वोच्च वारंवारतेच्या तिप्पट तरी हवी, नाहीतर गळतीच्या जागी ब्रॅकेटचं नाचणं मोजाल.

कोणता स्फटिक कुठे दगा देतो

पीझेडटी (लेड झिर्कोनेट टायटनेट) सिरॅमिक सर्वांत संवेदनशील, न्यूटनला ३०० ते ६०० पिकोकूलम्ब. पण क्यूरी तापमान प्रकारानुसार साधारण १९० ते ३६० अंश, आणि भरवशाने चालतं ते त्याच्या अर्ध्यापर्यंत. त्यापुढे संवेदनशीलता हळूहळू आणि कायमची घटते. असा सेन्सर कधी जास्त तापल्याचा संशय असेल तर हँड शेकरवर (ठरावीक कंपन देणाऱ्या हातातल्या उपकरणावर) लावून बघा. १५९.२ हर्ट्झवर १० मीटर प्रति सेकंद वर्ग दिलं की वेग बरोबर १० मिमी प्रति सेकंद यायला हवा. त्यात १० टक्क्यांहून जास्त घट दिसली तर तो सेन्सर पुन्हा त्या जागी लावू नका.

क्वार्ट्झवर उगाच फार विश्वास ठेवला जातो. त्याचा अल्फा-बीटा बदल ५७३ अंशांना होतो हे सगळ्यांना पाठ असतं. पण दाबाखाली असलेल्या क्वार्ट्झमध्ये ३०० अंशांच्या पुढे कुठेही जुळे स्फटिक तयार होऊ लागतात आणि त्या भागातून उलट्या चिन्हाचा चार्ज येतो. इन्सुलेशन उत्तम, आउटपुट मात्र घटलेलं, अशी केस दिसली की हेच समजा. शिवाय न्यूटनला जेमतेम २.३ पिकोकूलम्ब.

बिस्मथ टायटनेट आणि त्याच्या कुटुंबातली सिरॅमिक्स ही ४५० ते ४८० अंशांपर्यंतच्या सेन्सरमधली रुळलेली निवड. शुद्ध बिस्मथ टायटनेटचं क्यूरी तापमान ६७५ अंश, आउटपुट न्यूटनला वीसेक पिकोकूलम्ब. आपल्या वाफेच्या जागांना हे पुरतं. कमतरता एकच, वरच्या टोकाला अवरोध बराच उतरतो.

लिथियम नायोबेटचं क्यूरी तापमान ११४० अंशांच्या वर आहे, ते वाचून लोक भाळतात. बंद कवचात ऑक्सिजन कमी पडला की तापलेला स्फटिक स्वतःचा ऑक्सिजन गमावतो, काळपट होतो आणि वीज वाहू लागतो. सेन्सर नवा असताना उत्तम आणि काही महिन्यांनी गरम अवरोध घसरत चाललेला, अशी नोंद असेल तर पुरवठादाराला विचारा की कवचात कोणता वायू भरला आहे.

गॅलियम फॉस्फेट न्यूटनला ४.५ पिकोकूलम्ब देतं, ९०० अंशांपर्यंत रचना बदलत नाही, आणि क्वार्ट्झसारखंच नुसत्या तापमान बदलाने चार्ज सोडत नाही. वाफेच्या झटक्यांच्या जागी हा मोठा गुण आहे, किंमत सोसली तर. लँगासाइट वितळेपर्यंत, म्हणजे १४७० अंशांपर्यंत, रचना टिकवतो आणि न्यूटनला सहाएक पिकोकूलम्ब देतो, पण अवरोधाच्या बाबतीत सामान्य. अवरोधातला खरा पैलवान यीट्रियम कॅल्शियम ऑक्सिबोरेट. ८०० अंशांनाही तो टिकून राहतो, पण ५१५ अंशांच्या वाफेसाठी तो मागवणं म्हणजे मुंगी मारायला तोफ.

चौकशी पाठवताना दोनच आकडे मागा: तुमच्या कमाल तापमानाला किमान अवरोध किती, आणि त्याच तापमानाला कॅपॅसिटन्स किती. हे लिहून न देणाऱ्याचा सेन्सर घेऊ नका, मग क्यूरी तापमान काहीही छापलेलं असो.

केबल वाळवायची रीत

सेन्सर आणि एमआय केबल अखंड असेल तर दोन्ही ओव्हनमध्ये ठेवा. कनेक्टरचं तोंड खाली, टोपी काढलेली, १२० अंश. कनेक्टरच्या सीलची मर्यादा आधी तपासा. दर तीन-चार तासांनी अवरोध लिहा. तो वाढायचा थांबला की वाळलं असं समजा. याला रात्रभर ते पूर्ण दिवस लागतो. उबदार असतानाच टोपी लावा, पूर्ण निवण्याची वाट पाहिलीत तर हवेतली ओल परत आत जाईल. काही आठवड्यांत अवरोध पुन्हा पडला तर टोकाचं काचेचं किंवा सिरॅमिकचं सील तडकलं आहे. अशी केबल कितीही वाळवा, उपयोग नाही.

कनेक्टरचा पांढरा इन्सुलेटर भिंगाखाली बघा. टर्बाइन तेलाचा पातळ थर अल्कोहोलने निघतो. काळी रेघ दिसली तर तेल जळून कार्बन झालं, तो कनेक्टर गेला. कधीकधी चंदेरी किंवा तांबूस डाग दिसतो. तो स्टडला (सेन्सर बसवायच्या स्क्रूला) जाम होऊ नये म्हणून लावलेल्या निकेलच्या किंवा तांब्याच्या अँटी-सीझ पेस्टचा, फिटरच्या बोटांवरून आलेला. ही पेस्ट वीज वाहते. कॉन्टॅक्ट क्लीनरचा स्प्रे वापरू नका, पुष्कळ स्प्रे मागे तेल सोडतात.

ॲम्प्लिफायरला जमवून घेणं

स्फटिक, केबल सगळं चांगलं आहे आणि ४५० अंशांना अवरोध कंपनीने दिल्याएवढाच कमी आहे, तर दोष सेटिंगचा. फीडबॅकचा अवरोध १ गिगाओहमवरून १० मेगाओहम करा. १ नॅनोफॅरडबरोबर खालची सीमा १६ हर्ट्झवर येते, आणि सोर्स १०० किलोओहम असतानाही ऑफसेट १०१ पटच वाढतो. १ मिलिव्होल्टचे १० व्होल्ट होत होते, ते आता ०.१ व्होल्ट.

याची किंमत मोजावी लागते. १०० हर्ट्झला रीडिंग सव्वा टक्क्याने कमी येईल, चालतं. पण त्याच सेटिंगचं कार्ड १५०० आरपीएमच्या अल्टरनेटरला लावलं तर २५ हर्ट्झवर ते सोळा टक्के कमी दाखवेल. कार्डावर मार्करने चॅनेल लिहा, स्टोअरमध्ये मिसळू देऊ नका. सोर्स १०० किलोओहमच्या खाली जाणार असेल तर कमी सोर्स अवरोधासाठीच बनवलेला डिफरन्शियल चार्ज ॲम्प्लिफायर घ्या. साध्या कार्डाशी झुंजण्यात अर्थ नाही.

गळतीसारखी दिसणारी दोन सोंगं

वॉर्मिंग अपच्या वेळी आकडा अचानक उसळून मिनिटाभरात खाली येत असेल आणि स्थिर लोडवर शांत असेल तर तो तापमानाच्या झटक्याचा चार्ज. शीअर रचनेचा (स्फटिकाला दाबाऐवजी कातर ताण देणारा) सेन्सर आणि वाफेचा झोत अडवणारा पत्रा हे उपाय. दुसरं सोंग ढिल्या स्टडचं. थ्रेड-लॉक गोंद साधारण १५० अंशांच्या पुढे निकामी होतो. टॉर्क डेटाशीटप्रमाणे द्या, पहिल्यांदा तापून थंड झाल्यावर पुन्हा तपासा आणि लॉकवायर बांधा. एमआय केबलचा पहिला क्लँप सेन्सरपासून १०० ते १५० मिमीवर हवा. लोंबती केबल स्वतःच हलून कनेक्टरपाशी तुटते.

पावसाळ्यातली चूक

मार्चमध्ये हंगाम संपला की ओव्हरहॉलला सेन्सर सोडवतात आणि एमआय केबलचं तोंड उघडं ठेवून ती जून ते सप्टेंबर तशीच लोंबकळत राहते. कराड-पाटणच्या बाजूला तर चार महिने हवा पाण्याने जड असते. दरवर्षी तोच चॅनेल का बिघडतो याचं कारण बहुतेक वेळा एवढंच. सोडवल्या दिवशीच ओव्हनमध्ये वाळवा, धातूची टोपी घट्ट लावा, सिलिका जेलच्या पुडीसह पिशवीत बंद करा. पिशवीला टॅग लावून त्यावर तीन आकडे लिहा: थंड अवरोध, ४०० अंशांचा अवरोध, १ किलोहर्ट्झचं कॅपॅसिटन्स. दसऱ्याच्या आसपास बसवताना पहिले मोजायचे ते हेच तीन.